‘वायसीएम’वर ज्यांचं नाव आहे, त्यांनी सैन्यासाठी नेमकं काय केलं? खासदाराचं ‘संरक्षणाचं रेकॉर्ड’ असं तपासा

पिंपरीत रिक्षात बसून नुसतं ‘वायसीएम’ म्हटलं, तरी रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. शिफ्टमध्ये बोट मशिनमध्ये गेलेला कामगार असो की तापाने फणफणलेलं पोर, चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या लोकांचा केसपेपर इथे कधी ना कधी निघालेला असतो.

त्या पाटीवरचे यशवंतराव म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, एवढं आपण शाळेत शिकतो. पण ते चार वर्षं देशाचे संरक्षणमंत्रीही होते. देश एका युद्धात मार खाऊन बसला होता तेव्हा त्यांनी ही खुर्ची घेतली आणि दुसरं युद्ध लढून झाल्यावर सोडली.

आज हे का आठवायचं? कारण निवडणूक आली की प्रत्येक फ्लेक्सवर जवानाचा फोटो असतो, मागे तिरंगा आणि पुढे उमेदवार हात जोडून उभा. फ्लेक्स उतरल्यावर हाती काय राहतं? एखाद्या लोकप्रतिनिधीने संरक्षणासाठी आणि जवानांसाठी खरंच काही केलं की नाही, हे मोजायचं कसं? त्यासाठी आपण यशवंतरावांच्याच रेकॉर्डपासून सुरुवात करूया. मग तीच फुटपट्टी आजच्या खासदारांना कशी लावायची, तेही पाहू.

हा प्रश्न आपल्या पट्ट्यात जास्त महत्त्वाचा का?

कारण आपल्याकडे ‘संरक्षण’ टीव्हीवरच्या डिबेटपुरतं नाही. देहूरोडला दारूगोळ्याचा डेपो आहे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीही. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे आपलं ‘सीएमई’. पलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स आणि १८६९ पासूनची अॅम्युनिशन फॅक्टरी. तळेगावला एल अँड टीच्या कारखान्यात पिनाका रॉकेटचे लाँचर तयार होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात राज्य सरकारने लघुउद्योगांसाठी तीन दिवसांचा डिफेन्स एक्स्पो भरवला होता.

भोसरी, चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर गाडीचे पार्ट काढणारे अनेक जण आज संरक्षणाच्या ऑर्डरकडे डोळे लावून आहेत. दुसरीकडे रेड झोनमुळे स्वतःच्या घरावर एक मजला चढवता येत नाही, अशी हजारो कुटुंबंही याच शहरात आहेत. शिवाय ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सैन्यातून परत आलेले आणि भरतीसाठी पहाटे नदीकाठच्या रस्त्यावर धावणारे.

म्हणजे संसदेत संरक्षणावर काय ठरतं, याचा परिणाम इथे पगारावर होतो, पेन्शनवर होतो आणि सातबाऱ्यावरही होतो.

‘एमआयडीसी’ सुरू झाली, त्याच वर्षी दिल्लीचा फोन

१९६२ साल. १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं. मुख्यमंत्री होते यशवंतराव. आज आपण ज्या पट्ट्यात राहतो, त्याची कागदावरची सुरुवात ही.

२० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. महिनाभरात नेफा आणि लडाखमध्ये भारतीय फौजांना माघार घ्यावी लागली. थंडीचे कपडे पुरेसे नाहीत, रायफली जुन्या, रस्ते नाहीत, अशा अवस्थेत जवान लढले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर स्वपक्षातूनच टीकेची झोड उठली आणि त्यांना जावं लागलं. पंडित नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना बोलावलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य तेव्हापासून मराठीत रुळलं.

गंमत म्हणजे ते दिल्लीत पोचले, त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई संपली होती, पण सैन्याचं मनोबल खचलेलं, संसद संतापलेली आणि जनतेचा विश्वास उडालेला. यशवंतराव तेव्हा खासदारही नव्हते. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. इथून पुढे त्यांचं रेकॉर्ड चार कसोट्यांवर तपासूया.

कसोटी १ : चूक संसदेसमोर मांडली का?

पराभव का झाला, हे तपासण्यासाठी सैन्याने लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांची समिती नेमली. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले अधिकारी. तो पराक्रम त्यांनी गाजवला, तेव्हा ते आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससोबत होते.

२ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी या अहवालाबद्दल लोकसभेत निवेदन केलं. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण कमी पडलं, साहित्याची टंचाई होती, वरच्या पातळीवरच्या नेतृत्वात आणि निर्णयप्रक्रियेत उणिवा होत्या, हे त्यांनी सभागृहात मान्य केलं. मंत्र्याने उभं राहून ‘आपलं इथे इथे चुकलं’ असं सांगणं, हे तेव्हाही सोपं नव्हतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. पूर्ण अहवाल त्यांनी सभागृहासमोर ठेवला नाही. सुरक्षेचं आणि मनोबलाचं कारण दिलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने तेच कारण पुढे चालवलं. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठे लोकांना तो वाचायला मिळाला. म्हणजे या कसोटीत गुण मिळतात, पण पूर्ण नाहीत.

कसोटी २ : घोषणेमागे पैसा उभा केला का?

आकडे पाहा. १९६१-६२ मध्ये देशाचा संरक्षण खर्च सुमारे ३१२ कोटी रुपये होता. १९६३-६४ मध्ये तो ८१६ कोटींच्या घरात गेला. दोन वर्षांत अडीचपटीहून जास्त.

नुसता खर्च वाढवणं हे काही कौतुकाचं नाही. पैसा कशावर, कोणत्या क्रमाने आणि किती वर्षांत, हे ठरवणं महत्त्वाचं. १९६४ ते १९६९ साठी देशाची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना तयार झाली. ५,००० कोटींची. सव्वाआठ लाखांचं सैन्य, त्यात डोंगरात लढण्यासाठी खास तयार केलेल्या दहा डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन आणि देशातच शस्त्रास्त्र निर्मिती वाढवणं, ही उद्दिष्टं ठरली.

कंपनीत काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. ऐनवेळी ऑर्डर टाकून मटेरियल मिळत नाही. आधी पाच वर्षांचा प्लॅन लागतो. १९६२ पर्यंत सैन्याच्या बाबतीत तो प्लॅनच नव्हता.

कसोटी ३ : जवानाच्या हातात काय पडलं?

नोव्हेंबर १९६२ मध्येच संरक्षण उत्पादनासाठी स्वतंत्र विभाग झाला. १९६५ मध्ये आयात होणारे सुटे भाग देशातल्या खासगी कारखान्यांकडून बनवून घेण्यासाठी संरक्षण पुरवठा विभाग आला. आज चाकणचा एखादा व्हेंडर संरक्षणाची ऑर्डर घेतो, त्या विचाराची मुळं इथवर जातात.

महाराष्ट्रात वरणगाव, भंडारा, चंद्रपूरजवळ भद्रावती आणि नागपूरजवळ अंबाझरी इथले दारूगोळ्याचे कारखाने त्याच दशकातले. मिग विमानांसाठी सोव्हिएत युनियनशी करार यशवंतरावांच्या आधी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये झाला होता. पण नाशिकजवळ ओझरचा विमान कारखाना उभा राहिला तो त्यांच्या काळात. १९६४ मध्ये ते आधी अमेरिकेला आणि मग मॉस्कोला गेले. अमेरिकेत असतानाच २७ मे रोजी नेहरूंचं निधन झालं आणि त्यांना परतावं लागलं. मॉस्कोतून मात्र ते रिकाम्या हाताने आले नाहीत. भारताच्या पहिल्या पाणबुड्या पुढे तिथूनच आल्या.

अधिकाऱ्यांची टंचाई होती, म्हणून आणीबाणीच्या कमिशनवर तरुणांची भरती झाली. त्यांच्या प्रशिक्षणासाठी जानेवारी १९६३ मध्ये मद्रासला आणि पुण्यात शाळा सुरू झाल्या. त्याही आधी, मुख्यमंत्री असताना, २३ जून १९६१ रोजी सातारला देशातली पहिली सैनिक शाळा त्यांच्याच काळात सुरू झाली होती.

कसोटी ४ : वेळ आली तेव्हा निर्णय घेतला का?

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. अखनूरचा पूल त्यांच्या हाती गेला असता, तर जम्मू-काश्मीरमधल्या फौजेची रसद तुटली असती. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. हवाई दल वापरायचं की नाही, हा प्रश्न होता. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. यशवंतरावांनी मंजुरी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली.

पाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, पंतप्रधान शास्त्रींच्या निर्णयानुसार भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्या दिवसांत यशवंतराव डायरी लिहीत होते. तिच्या आधारे त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे पुस्तक लिहिलं.

आता वजाबाकी

रेकॉर्ड तपासायचं म्हणजे फक्त बेरीज करायची नाही.

एक, नौदल मागे राहिलं. पहिल्या संरक्षण योजनेचा भर भूदल आणि हवाई दलावर होता. १९६५ मध्ये पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपलं नौदल त्या युद्धात बाजूलाच राहिलं. यावर संसदेत आणि बाहेर टीका झाली.

दोन, दारूगोळ्याचा हिशेब. युद्धबंदी स्वीकारताना ‘साठा संपत आलाय’ असं शास्त्रींना सांगितलं गेलं. नंतर पाहिलं तर आघाडीवरचा बराच दारूगोळा शिल्लक होता, असं अनेक अभ्यासकांनी लिहिलं आहे. स्टोअरमधला स्टॉक किती, हेच जर वर नीट पोचत नसेल, तर ती व्यवस्थेची चूक आहे आणि त्या व्यवस्थेचे मंत्री यशवंतरावच होते.

तीन, ताश्कंद. रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड जानेवारी १९६६ च्या करारात परत द्यावी लागली. यशवंतराव त्या शिष्टमंडळात होते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. १९७१ चं युद्ध झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते. त्या युद्धात डोंगरी डिव्हिजन आणि मिग-२१ विमानं दोन्ही वापरली गेली. म्हणजे १९६२ ते ६६ मध्ये पेरलेलं १९७१ मध्ये उगवलं. संरक्षणातल्या कामाचा लीड टाइम इतका मोठा असतो. म्हणूनच पाच वर्षांच्या टर्ममध्ये फ्लेक्सवर छापण्यासारखं त्यात फार कमी सापडतं.

आजच्या खासदाराला ही फुटपट्टी कशी लावायची?

तुम्ही म्हणाल, ते मंत्री होते. आपला खासदार साधा सदस्य, तो काय करणार? प्रश्न रास्त आहे. आधी आपला मतदारसंघ पाहा. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभेत येतात. भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. २०२४ च्या निवडणुकीत मावळमधून शिवसेनेचे श्रीरंग बारणे आणि शिरूरमधून राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे डॉ. अमोल कोल्हे निवडून आले. एक सत्ताधारी बाजूला, एक विरोधी. फुटपट्टी दोघांनाही सारखीच.

१. प्रश्न : संसदेच्या वेबसाइटवर खासदाराचं नाव आणि ‘संरक्षण मंत्रालय’ निवडलं की विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं दिसतात. किती विचारले, यापेक्षा काय विचारलं ते वाचा. ‘सरकार काय पावलं उचलत आहे?’ हा प्रश्न कोणीही विचारतो. ‘देहूरोड डेपोची रेड झोनची हद्द नव्याने मोजणार का आणि कधी?’ या प्रश्नातून खासदाराचा अभ्यास दिसतो.

२. समिती : संरक्षणविषयक स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अर्थसंकल्पातली संरक्षणाची मागणी ही समिती बारकाईने तपासते. आपला खासदार समितीवर नसेल, तरी तिचे अहवाल त्याला भाषणात वापरता येतात.

३. पैसा : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले. त्यातले सुमारे १.६० लाख कोटी पेन्शनचे. ‘सैन्यासाठी विक्रमी तरतूद’ असं कोणी म्हणालं, तर नवीन साहित्यासाठी किती आणि पेन्शनसाठी किती, एवढं विचारा.

४. मतदान : इथे मोठी अडचण आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. देहूरोड आणि खडकीचे कारखाने ज्या म्युनिशन्स इंडियात गेले, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. कामगार संघटनांचा विरोध होता. त्याआधी ऑगस्टमध्ये संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक गदारोळात, आवाजी मतदानाने मंजूर झालं. कायद्याची मुदत एका वर्षाची होती. पण आवाजी मतदानात कोण ‘हो’ म्हणालं आणि कोण ‘नाही’, याची नावनिशी नोंद होत नाही. देहूरोडच्या कामगाराने ‘माझ्या खासदाराने काय केलं?’ असं विचारलं, तर रेकॉर्डवर उत्तरच नाही. म्हणून अशा वेळी त्याने भाषण केलं का, दुरुस्ती सुचवली का, मतविभागणी मागितली का, हे पाहावं लागतं.

५. कायद्याबाहेरचे निर्णय : जून २०२२ ची अग्निपथ योजना किंवा २०१५ मधली ‘वन रँक वन पेन्शन’ यांसाठी संसदेत विधेयक आलंच नाही. हे सरकारी आदेश होते. मग खासदाराच्या हाती काही नसतं का? तसं नाही. माजी सैनिकांचा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेला होता. भगतसिंह कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष होते. हो, तेच, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. डिसेंबर २०११ मध्ये या समितीने ‘वन रँक वन पेन्शन’ची शिफारस केली, व्याख्याही लिहून दिली. पुढची चर्चा त्या व्याख्येवर उभी राहिली. म्हणजे मंत्री नसलेले खासदारही जवानासाठी ठोस काम करू शकतात. फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

रेड झोनचं काय?

डेपोभोवती बांधकामावर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला देणारा कायदा १९०३ चा आहे. त्यात २,००० यार्डांपर्यंत निर्बंध घालता येतात. म्हणजे साधारण १,८३० मीटर. निगडी, तळवडे, रावेत, किवळे परिसरातल्या लोकांना हा आकडा तोंडपाठ आहे. सेक्टर २२ मधला झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पही याच कारणाने न्यायालयात अडकला.

इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशामक मिळून १५ पेक्षा जास्त जण गेले. त्यामुळे ‘रेड झोन हटवतो’ असं आश्वासन देणारा नेता अर्धंच बोलतो. आणि ‘देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे’ म्हणून हात झटकणाराही अर्धंच बोलतो. हद्द नेमकी कुठे, मोजणी कधी, घर गेलं तर भरपाई किती, हे केंद्राकडून लेखी मिळवणं हे खासदाराचं काम.

आणि आमदार?

संरक्षण हा केंद्राचा विषय, पण सैनिकांच्या कल्याणाचा बराच भार राज्यावर असतो. सैनिक कल्याण विभाग राज्याचा, त्याचं मुख्यालय पुण्यात. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी, मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णयही राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. त्यामुळे आपल्या भागातल्या पात्र कुटुंबांपैकी किती जणांना ती सूट खरंच मिळाली, हा आमदाराला आणि महापालिकेला विचारायचा प्रश्न आहे.

थोडक्यात

यशवंतरावांचं रेकॉर्ड निर्दोष नाही. पण ते तपासता येतं. तारीख आहे, निवेदन आहे, योजना आहे, आकडा आहे, उभा राहिलेला कारखाना आहे आणि राहून गेलेल्या गोष्टीही आहेत. कोणाही लोकप्रतिनिधीकडून एवढं तरी मागायला हरकत नसावी.

पुढच्या वेळी जवानाचा फोटो लावलेला फ्लेक्स दिसला, तर खाली उमेदवाराचं नाव वाचा, मोबाइल काढा आणि त्याने संरक्षण मंत्रालयाला शेवटचा प्रश्न कधी विचारला, ते शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. सिग्नल सुटायच्या आत होतं.